सांगलीहून एका दिवसात रत्नागिरी-गणपतीपुळे: गाडी, गाईड आणि भरती-ओहोटीचं गणित

आमची भिशी विश्रामबागेतली, सतराजणींची, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आटपलं की एक दिवसाची ट्रिप ठरलेलीच असते. रत्नागिरीला आम्ही आत्तापर्यंत तीनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा यादीत सात ठिकाणं होती, किल्ला, थिबा पॅलेस, टिळकांचं घर, मत्स्यालय, पावस, पुळं आणि वर जयगड. जयगडला पोचलो तेव्हा काळोख पडलेला, किल्ल्याला गाडीतूनच हात जोडले आणि परत फिरलो, घरी यायला रात्रीचे अडीच. दुसऱ्या वेळी पाच ठिकाणं घेतली तरी धावपळच झाली. तिसऱ्यांदा मात्र जमलं, म्हणून आता जी ती विचारते कसं केलंस, कुणाची गाडी, गाईड कुठून आणला, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

मुळात हिशेब असा आहे की सांगली ते रत्नागिरी साधारण पावणेदोनशे किलोमीटर, मध्ये आंबा घाट, म्हणजे चहापाणी धरून जायला पाच तास आणि यायला पाच तास. हातात राहतात नऊ-साडेनऊ तास. त्यात जेवण, दर्शनाची रांग, बाथरूम आणि "एकच फोटो गं" हे सगळं बसवायचं असतंय. सतराजणींची बाथरूमची रांग म्हणजे पंचवीस मिनिटं, हे मी घड्याळ लावून बघितलंय. त्यामुळं चार ठिकाणं, फार तर साडेचार. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात जायचंच असेल तर पुळं सोडा, ते शहराच्या दक्षिणेला आणि पुळं उत्तरेला, दोन्ही एका दिवसात घेणारा म्हणजे आमच्या पहिल्या ट्रिपसारखा.

तारीख आधी, गाडी नंतर

सगळे आधी गाडी बघतात आणि मग रविवार बघून तारीख टाकतात. माझं म्हणणं, आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. हे आम्हाला दुसऱ्या ट्रिपला गाईडकाकांनी शिकवलं, कोकणातले मच्छीमार पिढ्यान् पिढ्या असाच हिशेब करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे येईल त्या वाजता साधारण भरती पूर्ण. म्हणजे अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या सुमाराला समुद्र भरलेला. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष कुठलाही चालतो, आकडा तोच. भरतीनंतर सवासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय, पण ट्रिपपुरतं हे गणित पक्कं आहे.

आता हे आपल्याला कशाला? तर आपण पुळ्याच्या पुळणीवर पोचणार दुपारी चारनंतर. त्या वेळेला ओहोटी असेल तर वाळू लांबरुंद मोकळी, बसायला जागा, पोरं पळतात, आपणही पाय ओले करतो. भरती असेल तर पाणी पार वरपर्यंत आलेलं आणि सगळी गर्दी एका अरुंद पट्टीत कोंबलेली. म्हणून द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंतचा किंवा द्वादशीपासून अमावास्येपर्यंतचा शनिवार शोधा. आणि संकष्टीला चुकूनही जाऊ नका, गर्दी तर असतेच, पण चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन, दुपारी तीनला भरती पूर्ण, म्हणजे देवळातही जागा नाही आणि वाळूतही नाही. अंगारकीचं तर बोलायलाच नको.

सोमवार टाळा कारण थिबा पॅलेसचं सरकारी म्युझियम सोमवारी बंद असतंय. नाताळ ते एक जानेवारीचा आठवडा टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये घाट दिसायला हिरवागार असतो खरा, पण धुक्यात पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही, दरडीची भीती वेगळी, आणि समुद्राजवळ कुणी जाऊही देत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे ज्या माशासाठी निम्म्या बायका येतात तो ताजा मिळायची खात्री नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. एप्रिल-मे आंब्यासाठी ठीक, पण घामानं जीव जातो.

गाडी आणि ड्रायव्हर

रेल्वेचा विचार डोक्यातून काढा. मिरज एवढं मोठं जंक्शन असून रत्नागिरीला सरळ गाडी नाही, कोल्हापूरहून कोकणात उतरणारी लाईनच अजून नाही. एसटी आहे, पण एका दिवसात जाऊन फिरून यायचं तर तिचा उपयोग नाही. सतराजणींना ट्रॅव्हलर बरी. सात-आठ जण असाल तर मोठी कार.

गाडीवाल्याशी बोलताना चार गोष्टी फोनवर न ठेवता मेसेजमध्ये लिहून घ्या. किलोमीटरचा रेट किती आणि कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लावणार, ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग कुणाकडं, आणि किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की आपल्या दारापासून. पुळ्यासकट जाऊन येऊन चारशेच्या आसपास रनिंग होतं, हा आकडा डोक्यात ठेवूनच बोला. आमच्या एका गाडीवाल्यानं परत आल्यावर मीटर साडेचारशेचा दाखवला, कारण गाडी आदल्या रात्री भलत्याच गावाहून आलेली होती आणि ते रनिंगही आमच्याच माथी. तेव्हापासून निघताना मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, ड्रायव्हरसमोर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहाटे चारला निघून रात्री साडेअकराला परत यायचं म्हणजे साडेएकोणीस तास होतात. हे एका ड्रायव्हरवर काढू नका. दोन ड्रायव्हर मागा, जास्तीचा भत्ता सतराजणींत वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला एका भेळेचे पैसे येतात. दुसरा ड्रायव्हर मिळतच नसेल तर दुपारी दोन तास त्याला गाडीत झोपू द्या, मध्येच "दादा जरा बाजारात सोडा" म्हणून उठवू नका. येताना घाट काळोखात चढायचाय, त्याचे डोळे उघडे पाहिजेत.

गाईड कसा धरायचा

पहिल्या ट्रिपला गाईड नव्हता, दुसऱ्या वेळी कळलं काय फरक पडतो. रत्नागिरीतल्या लॉजवाल्याकडं नाहीतर ओळखीतल्या कुणाकडं चार दिवस आधी विचारलं की माणूस मिळतो. बरेचदा रिक्षावाले, रिटायर्ड मास्तर अशी मंडळी असतात. अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवायचे, साधारण नऊ ते दोन, पुळ्याला गाईड लागत नाही. ठरवतानाच दोन वाक्यं स्पष्ट बोलायची, "खरेदीला आम्ही आमच्या मनानं जाणार" आणि "जेवणाचं हॉटेल आम्ही ठरवणार". कारण एका गाईडनं आम्हाला किल्ल्यावर पंधरा मिनिटं दिली आणि काजूच्या दुकानात पाऊण तास. ते दुकान कुणाचं होतं ते मी सांगत नाही, पण काजू सांगलीच्या मार्केटपेक्षा महाग होते एवढं नक्की.

चांगल्या गाईडची खूण म्हणजे तो आधी विचारतो, गुडघेदुखीवाल्या किती, उपासवाल्या किती, शाकाहारी किती. आमच्या काकांनी फोनवर हेच विचारलं आणि मी तिथंच हो म्हटलं.

रस्ता: अंकली ते हातखंबा

पहाटे चारला निघायचं म्हणजे पावणेचारला सगळ्या कोपऱ्यावर उभ्या पाहिजेत. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली, मग कोल्हापूरला न थांबता केर्ली, वाघबीळ, बांबवडे आणि मलकापूर. हाच नागपूर-रत्नागिरी हायवे, एकशे सहासष्ट नंबरचा. चौपदरीकरणाची कामं कुठं झालीत कुठं चालू आहेत, त्यामुळं डायव्हर्जनच्या बोर्डकडं लक्ष ठेवायला ड्रायव्हरशेजारी एक जागी बाई बसवा. मलकापूरला बाथरूमसाठी थांबा, कारण पुढं घाट उतरेपर्यंत धड सोय नाही.

डबा म्हणाल तर भडंग पाहिजेच, आणि त्याच्याबरोबर दशम्या, चटणी, काकडी. तेलकट काही नको. घाट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी आंब्याला पोचायच्या अर्धा तास आधी घ्यायची, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि मोबाईल पर्समध्ये. आमच्यातल्या एक काकू पदराला लिंबू बांधून येतात आणि त्यांना खरंच काही होत नाही, बाकीच्यांनी गोळी घ्यावी.

सहा-साडेसहाला आंबा गाव येतं. इथूनच विशाळगडाला फाटा जातो, त्याच बाजूला पावनखिंड, जिथं जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी खिंड लढवली. जायचं नाही, वेळ नाही, पण पोरं बरोबर असतील तर इथं गाडीत ती गोष्ट सांगा, पुढं घाटातली दरी बघताना त्यांना आपोआप कळतंय की त्या रात्री पावसात तो डोंगर पायी तुडवणं म्हणजे काय होतं. घाटात कठड्यापाशी थांबून उजाडताना बघायचं, दहा मिनिटं. माकडांना खायला घालू नका, त्यांनी आमच्या एका वहिनींची अख्खी भडंगाची पिशवी नेलीय.

खाली साखरप्याला चहा-नाश्ता. मग दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा, आणि नऊच्या सुमाराला रत्नागिरी.

रत्नागिरी शहर: नऊ ते दोन

उन्हं चढायच्या आत रत्नदुर्ग. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढं थोड्या पायऱ्या आणि मग भगवतीचं देऊळ. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी समुद्र. देवीचं दर्शन घेतलं की लगेच परत फिरू नका, तटावरून फिरा. एका बाजूला मिरकरवाडा बंदर दिसतं, होड्यांचे रंगीत झेंडे, आणि दुसऱ्या टेकाडावर १८६७ सालचं दीपगृह. गाईड इथं कामी येतो, समोरचं काय काय आहे ते बोटानं दाखवतो, नाहीतर आपण आपले सेल्फी काढत बसतो. पावसाळ्यानंतर तटावर शेवाळ असतंय, चप्पल घसरते, बूट किंवा पट्ट्याच्या चपला घाला. एक तास पुरे.

साडेदहाला थिबा पॅलेस. इथं मी जरा जास्त वेळ मागते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आधी मद्रास आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० ला, म्हणजे वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यात काढल्यावर, आणि १९१६ मध्ये राजा वारला. सहा वर्षं राहिला फक्त. राणी सुपयालत १९१९ ला परत रंगूनला गेली, पण एका राजकन्येची मुलगी इथंच राहिली, इथंच संसार केला, इथली मराठी बोलली. गाईडकाका म्हणाले, इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला नेऊन टाकलं रंगूनला आणि रंगूनकडच्या राजाला आणून टाकलं रत्नागिरीला, अदलाबदल केल्यासारखं. हे ऐकल्यावर आमच्या बायका, ज्या तोवर साड्यांचं बोलत होत्या, गप्प झाल्या. वरच्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून खाडीकडं बघा, राजा तिथं बसून बोटी बघायचा म्हणतात. माहेर तुटलेल्या बाईला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाजीनगर भागात त्याची समाधी आहे, २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले. जवळच थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, वाटेवर आहे तर पाच मिनिटं थांबा.

मग टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, २३ जुलै १८५६ चा जन्म. घर कोकणी, उतरत्या कौलांचं, आतल्या खोल्यांत गारवा. वीस मिनिटं. तिथून पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात सगळ्या जातींना खुलं असं हे मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं आणि त्याला पैसा दिला भागोजीशेठ कीरांनी. आपल्याला आज देवळात जाताना काहीच वाटत नाही, पण तेव्हा ही केवढी गोष्ट होती ते उभं राहून दोन मिनिटं ऐकण्यासारखं आहे.

मांडवी, मत्स्यालय आणि भाट्याचा बीच मी सोडते. लहान मुलं असतील तर मांडवी सोडून मत्स्यालय घ्या, देवमाशाचा सांगाडा बघून पोरं खूश होतात, मात्र टिळक आळी कमी करा.

जेवण एक वाजता, आणि ऑर्डर सकाळीच फोनवर. शाकाहारी ताटं किती, सुरमईची किती, बांगड्याची किती, आकडा सांगून टाकायचा. पहिल्या वर्षी आम्ही तसेच गेलो तर ताट यायला दीड तास लागला, दोष त्यांचा नाही म्हणत, अचानक सतरा बायका आल्यावर कुणाचंही तसंच होईल. आपल्याकडच्या तिखटाची सवय असलेल्यांना इथलं कालवण गोडसर वाटतं, ओल्या नारळामुळं. सोलकढी जेवणाच्या शेवटी प्या, आधी पिऊन पोट भरू नका.

आरे-वारे आणि पुळं

दोनला गाईडला पैसे देऊन निरोप. आता शिरगाव, काळबादेवीवरून किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं, पंचवीसेक किलोमीटर. हायवेनं जाऊ म्हणणाऱ्या ड्रायव्हरचं ऐकू नका, अर्धी ट्रिप म्हणजे हाच रस्ता आहे. आरे आणि वारे हे दोन किनारे, मध्ये डोंगर, चढावर गाडी थांबवली की दोन्हीकडं निळं पाणी आणि सुरूची बनं. फोटो वरूनच काढा. खाली उतरायचं तर फक्त वाळूत बसायला.

पाण्याचं आता नीट ऐका. वर मी ओहोटीची वेळ निवडायला सांगितली ती वाळूसाठी, पोहण्यासाठी नाही. ओहोटीला पाणी उतरत असताना ते आत ओढतं, पायाखालची वाळू सरकते, आणि पुळ्याच्या किनाऱ्याला एकदम खोली लागते. आपण कृष्णेत पोहलेली माणसं, आपल्याला वाटतंय पाणी म्हणजे पाणी. नदीची ओढ एका दिशेनं असते, इथं लाट आणते पण आणि नेते पण. दरवर्षी घाटावरची पोरं इथं बुडतात. घोट्याएवढं पाणी, बास. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा तो आपल्यालाच वाजवतोय असं समजायचं.

पुळ्याला साडेतीन-चारला पोचलं की आधी दर्शन, मग समुद्र. उलटं केलं तर ओल्या कपड्यांनी आणि वाळूच्या पायांनी रांगेत उभं राहावं लागतं. गणपती स्वयंभू, देऊळ पश्चिमेकडं तोंड करून समुद्रासमोर, आणि अख्खी टेकडीच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा टेकडीला, साधारण एक किलोमीटर. गुडघेवाल्यांनी बसून राहावं, बाकीच्यांनी करावी, वाट छान बांधलेली आणि सावलीची आहे.

आणि सांगलीकरांनी एक लक्षात ठेवायचं. आपले पटवर्धन मूळचे इथल्याच कोतवड्याचे. त्यांचे मूळ पुरुष हरभट या पुळ्याच्या गणपतीचे भक्त. त्याच घराण्यातल्या चिंतामणरावांनी पुढं सांगलीला राजधानी केली आणि आपलं गणपती मंदिर बांधलं. म्हणजे आपण दर संकष्टीला ज्याच्या पाया पडतो त्याचं माहेर म्हणा ना, इथलं. आमच्यातली एकजण तर सांगलीच्या देवळातली दूर्वा पिशवीत घालून घेऊन आली होती, इकडच्याला तिकडची भेट म्हणून. मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

दर्शन झालं की उकडीचे मोदक खा, घरगुती मिळतात, गरम असतील तरच घ्या. खरेदी इथं करा, शहरात नको: कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसपोळी. आगळाची बाटली घेताना साखर घातलेलं सरबत आणि नुसतं मिठातलं आगळ यातला फरक विचारून घ्या, सोलकढीला दुसरं लागतं. आंब्याच्या दिवसात हापूसची पेटी रस्त्यावरच्या ढिगातून उचलू नका, बागवाल्याकडून घ्या, आणि वरचा थर बघून खूश न होता खालचा उपसून बघा.

जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या पुढंमागं बुडतो. बुडाला की उठायचं, "अजून पाच मिनिटं" नाही. इथं ट्रिप लीडरनं वाईट व्हायला लागतं, मी होते.

परतीला पुन्हा रत्नागिरीत शिरू नका. चाफ्यावरून निवळीला मुंबई-गोवा हायवेवर निघायचं, तिथून हातखंबा, पाली, आणि साखरप्याला थांबून ड्रायव्हरला चहा, बायकांना पिठलं-भाकरी नाहीतर जे मिळेल ते. घाट चढताना गाणी बंद, भेंड्या बंद, पुढच्या सीटवरची बाई जागी. मलकापूर आलं की वाटेल तेवढा दंगा करा.

आणि गाडीतच, कोल्हापूर यायच्या आत, हिशेब करून टाका. प्रत्येकीकडून आगाऊ घेतलेले पैसे, झालेला खर्च, उरलेले किती, मोठ्यानं वाचायचं आणि ग्रुपवर टाकायचं. घरी गेल्यावर करू म्हटलं की आठ दिवस जातात आणि मग मोदकाच्या पैशावरून बोलाचाली होते. सोडण्याचा क्रमही आधीच ठरवा, मिरज रोडवाल्या आधी, गावभागवाल्या शेवटी, आणि जिचं घर बोळात आहे तिच्या मिस्टरांना अंकलीच्या पुलावरून फोन करा, म्हणजे ते गाडी यायच्या आधीच कोपऱ्यावर बॅटरी घेऊन उभे राहतात.